आजीचे नाव किती पिढ्या टिकते?

घरातली आजी गेली की तिचे आयुष्य घरच्यांच्या बोलण्यात आणि धार्मिक विधींत उरते. कागदोपत्री मात्र ते फारसे सापडत नाही. आजोबांच्या मागे सातबारा असतो, नोकरीची कागदपत्रे असतात, निदान सोसायटीच्या कर्जाचे पासबुक तरी असते. साठ-सत्तर वर्षे घर चालवलेल्या बाईच्या नावावर बहुधा रेशनकार्डावरची एक ओळ असते.

नागपूरच्या दक्षिणेकडचे हुडकेश्वर हे गाव २०१३ मध्ये नरसाळ्यासह महापालिकेच्या हद्दीत आले. तिथल्या ले-आउटमध्ये आणि फ्लॅट स्कीममध्ये आता विदर्भाच्या गावोगावहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्यातल्या नव्वदीच्या आज्या जन्मल्या तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड म्हणून ओळखला जाई. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला आणि नागपूर त्याची राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आले. म्हणजे आजी चुलीपुढून हलली नाही तरी तिचे राज्य तीनदा बदलले.

तिचे वयदेखील अंदाजानेच सांगितले जाते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा. त्याआधी विदर्भात गावच्या कोतवालाच्या नोंदवहीत जन्म टिपला जाई. तिथे बापाचे नाव लिहिलेले असे, बाळाच्या जागी मात्र अनेकदा नुसते ‘मुलगी’. आधार कार्ड निघाले तेव्हा ज्यांना जन्माचे फक्त साल सांगता आले, त्यांच्यापुढे १ जानेवारी ही तारीख पडली. वय काढायची घरगुती रीत वेगळीच आहे. गांधीजी गेले तेव्हा लग्न झाले होते का? बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा कडेवर कोण होते? मोवाडला पूर आला तेव्हा कितवे नातवंड झाले होते? मोवाडचा पूर ३० जुलै १९९१चा आणि दीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६चा. अशा दोन-तीन प्रश्नांत जन्मसाल बरेचसे पक्के होते.

नावाचा गुंता याहून अवघड. महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. ताटातल्या तांदळात नवे नाव कोरले जाई आणि माहेरचे नाव मागे पडे. भावंडे होती तोवर ते हाकेत जिवंत राहिले. भावंडे गेल्यावर नातवंडांना आजीचे पहिले नाव सांगणारे कोणी उरत नाही.

विधी नाव जपतात, तेही ठरावीक मुदतीपुरते. हिंदू घरांत दहाव्याला, बऱ्याचदा रामटेकच्या अंबाळा तलावावर, क्रिया होते. बाराव्याला सपिंडीकरण आणि मग तेरवी. सपिंडीकरणात गेलेल्या स्त्रीचा पिंड साधारणपणे तिची सासू, आजेसासू आणि पणजीसासू यांच्या पिंडांत मिसळतात. आयुष्यभर जिच्या धाकात काढले त्या सासूच्या शेजारीच जागा मिळते, हा परंपरेचा न्याय काही आज्यांना मान्य झाला नसता! त्यानंतर श्राद्धात मुलगा तिला माता म्हणून, नातू पितामही म्हणून आणि पणतू प्रपितामही म्हणून आठवतो. मुलीच्या मुलांकडे ती मातामही असते. खापरपणतूच्या संकल्पात तिचे नाव येत नाही, कारण नेमाने नाव घ्यायचे ते तीनच पिढ्यांचे. शिवाय तिथे नाव आणि गोत्र उच्चारतात तेही सासरचेच.

नागपूरच्या बौद्ध घरांत तेरवी नसते. तिथे त्रिशरण-पंचशील आणि परित्राणपाठ होतो, जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते आणि जमलेली माणसे गेलेल्या बाईविषयी चार शब्द बोलतात. आजीचे आयुष्य कळण्याच्या दृष्टीने ही चार शब्दांची रीत अधिक उपयोगाची. तुकडोजी महाराजांना मानणाऱ्या घरांत सामुदायिक प्रार्थना होते.

आजीची श्रद्धा पोथ्यांपेक्षा स्वयंपाकघरातून अधिक कळते. विदर्भात महालक्ष्म्यांना सोळा भाज्या आणि अंबील लागते, आणि कोणत्या घरात अंबील कशी होते हे बाईलाच ठाऊक असते. भुलाबाईची गाणीही अशीच तोंडोतोंडी आलेली. उमरेड रोडच्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्या हिंदू बायाही कमी नाहीत, आणि देवघराशी त्याचा विरोध आहे असे त्यांना कधी वाटलेले नाही.

सेवा हा शब्द श्रद्धांजलीत सर्रास येतो आणि तिथेच विरतो. नेमके काम लिहिले तर त्याला अर्थ येतो. कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या. नागपूरच्या डफरीन रुग्णालयात त्या परिचारिका झाल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. त्याचाच पुढे मातृ सेवा संघ झाला. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उमरेडच्या जाईबाई चौधरी दलित कुटुंबातल्या. मजुरी करत त्या शिकल्या आणि नागपुरात त्यांनी मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. या दोघींची कामे टिपली गेली म्हणून आज सांगता येतात. गल्लीतल्या बाळंतिणींची सुटका करणाऱ्या सुइणींची नावे कुठल्याच यादीत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याची वाट मराठीत जुनी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली, आणि त्यांना लिहिते करण्यात मुलगा देवदत्त यांचा मोठा वाटा होता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना घरी जाऊन बोलते केले. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. २० जुलै १९४२ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. तिला सुमारे पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींकडे कोणी वही घेऊन गेले नाही.

घरच्या घरी हे काम अवघड नाही. मोबाइलवर आवाज टिपायचा आणि प्रश्न नेमके विचारायचे. ‘तुझे आयुष्य सांग’ म्हटले की आजी ‘काय सांगू बाई’ म्हणून मोकळी होते. पहिल्या बाळंतपणाची खोली कोणती, पाणी कुठून आणायची, गहाण टाकलेला दागिना सुटला का, असे विचारले की ती बोलू लागते. जुन्या फोटोंच्या मागे नावे आणि गावे पेन्सिलीने लिहावीत. नाहीतर चौथ्या पिढीला फोटोत फक्त नऊवारीतल्या अनोळखी बाया दिसतात. आजी हयात असेल तर सर्वात आधी तिचे माहेरचे नाव आणि तिच्या आईचे नाव विचारून लिहून ठेवा.