एकाच गाठीचे चार आजार : मेडुलोब्लास्टोमा आणि आपलं काम

कोल्हापुरात बसून लहान मुलांच्या कॅन्सरवर पीएचडी कशी करायची, असं एमएस्सीची मुलं नेहमी विचारतात. पेशंट तर रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला, परळच्या टाटाला जातात. मग आपल्या हाताशी काय उरतं? उरतो तो डेटा. तो फुकट मिळतो, पण सोपा अजिबात नाही. एका आजाराचं उदाहरण घेऊन सांगतो.

मेडुलोब्लास्टोमा ही लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात होणारी गाठ. मुलांच्या घातक ब्रेन ट्यूमरमध्ये ती सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, उलटी होते, चालताना तोल जातो. उपचार ठरलेला : ऑपरेशन, मग संपूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, सोबत केमो. पुष्कळ मुलं यातून वाचतात. पण वाढत्या मेंदूला दिलेल्या रेडिएशनची किंमत नंतर मोजावी लागते. उंची खुंटते, हार्मोन्स बिघडतात, शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणून खरा प्रश्न असा, की कोणत्या मुलाला कमी उपचार पुरतील आणि कोणाला नाही?

पूर्वी हे मुलाचं वय, ऑपरेशननंतर उरलेली गाठ आणि आजाराचा पसरलेपणा यांवरून ठरायचं. मग जगभरातल्या गटांनी गाठीतल्या हजारो जीन्सची अभिव्यक्ती मोजून क्लस्टरिंग केलं आणि २०१२ मध्ये एकमत प्रसिद्ध झालं : हा एक आजार नसून चार आहेत. डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३ आणि ग्रुप ४. (शेवटच्या दोघांना नंबरच मिळाले, कारण त्यांच्यामागचा एकच एक सिग्नलिंग मार्ग सापडला नव्हता.) डब्ल्यूएनटी गटातली मुलं नेहमीच्या उपचाराने ९० टक्क्यांहून जास्त वाचतात. ग्रुप ३ मधल्यांचं भवितव्य सगळ्यात वाईट.

आता आपल्याकडची गोष्ट. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने भारतीय मुलांच्या गाठींवर हेच वर्गीकरण केलं. ते काम २०१३ मध्ये 'न्यूरो-ऑन्कॉलॉजी'त आलं. त्यात ४४ गोठवलेली आणि ५९ पॅराफिनच्या ठोकळ्यातली सॅम्पल्स होती. ठोकळ्यात ठेवलेल्या गाठीतला आरएनए तुकडे तुकडे झालेला असतो. मायक्रोआरएनए मात्र जेमतेम बावीस अक्षरांचे, त्यामुळे ते बऱ्यापैकी टिकतात. त्यांनी १२ जीन्स आणि ९ मायक्रोआरएनए एवढेच मार्कर घेतले आणि साध्या रिअल टाइम पीसीआरवर चालणारी टेस्ट बनवली. मला या कामात सगळ्यात आवडतं ते हेच. वीस हजार जीन्सवर चालणारं मॉडेल पेपरात झकास दिसतं, पण जिथे फक्त पीसीआर मशीन आहे तिथल्या पोराला त्याचा उपयोग शून्य.

तुम्ही असं मॉडेल बनवायला बसलात की पहिली अडचण आकड्यांची. जीन्स वीस हजार, सॅम्पल्स शंभर. एवढ्या जीन्समध्ये निव्वळ योगायोगाने गट वेगळे करणारे पाच-पन्नास जीन्स सापडतातच. म्हणून जीन्सची निवडसुद्धा क्रॉस व्हॅलिडेशनच्या आतच करायची. आधी सगळ्या सॅम्पल्सवर जीन्स निवडले आणि मग ट्रेन-टेस्ट असे भाग पाडले, तर टेस्टमधली माहिती आधीच फुटलेली असते. परीक्षेचा पेपर फुटावा तसं. मार्क उत्तम, अर्थ काही नाही.

दुसरी अडचण ॲक्युरसीची. डब्ल्यूएनटी गट साधारण दहा टक्के. शंभर सॅम्पल्सपैकी प्रत्येकाला डोळे मिटून 'डब्ल्यूएनटी नाही' म्हटलं तरी ॲक्युरसी ९० टक्के येते! शिवाय दोन चुका सारख्या नाहीत. डब्ल्यूएनटीच्या मुलाला दुसऱ्या गटात टाकलं, तर त्याला कदाचित गरजेपेक्षा जास्त रेडिएशन मिळेल. ग्रुप ३ च्या मुलाला डब्ल्यूएनटी ठरवलं आणि त्यावर उपचार कमी केले, तर आजार परत येईल. म्हणून प्रत्येक गटाची सेन्सिटिव्हिटी आणि प्रिसिजन वेगळी लिहा. गाइडने मागितली नाही तरी.

आणि लेबल बरोबर असलं तरी गोष्ट संपत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी कमी धोक्याच्या डब्ल्यूएनटी मुलांवर एक छोटा अभ्यास केला. पूर्ण मेंदू-कण्याचं रेडिएशन टाळून फक्त गाठीच्या जागेला द्यायचं आणि केमो चालू ठेवायची. काही मुलांत आजार गाठीच्या जागेपासून दूर परत आला आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. त्यांच्या पुढच्या अभ्यासात मेंदू-कण्याचं रेडिएशन परत आलं, पण नेहमीच्या २३.४ ऐवजी १८ ग्रे एवढ्या कमी डोसचं. ९० टक्के हा आकडा पूर्ण उपचार घेतलेल्या मुलांचा आहे. उपचार बदलला की तो तसाच राहील असं मॉडेल सांगत नाही. आपला सर्व्हायव्हल कर्व्ह वाचताना हे डोक्यात ठेवा. कर्व्हच्या खाली उपचार कोणता होता, हे मेटाडेटात नसेल तर त्या कर्व्हवरून फार बोलू नका.

हात चालवायचा असेल तर जीईओवर जीएसई८५२१७ हा डेटासेट उतरवा. टोरंटोच्या गटाने २०१७ मध्ये दिलेला, ७६३ गाठींचा. साध्या लॅपटॉपवर आर किंवा पायथॉनमध्ये चालतो. आधी पीसीए करा. डब्ल्यूएनटी आणि एसएचएच सहज बाजूला पडतील. ग्रुप ३ आणि ४ एकमेकांत मिसळलेले दिसतील. मॉडेल तिथेच अडखळेल. त्या सीमेवरची सॅम्पल्स चूक म्हणून फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि एकेकाची प्रॉबॅबिलिटी बघा. ०.५५ ने ग्रुप ३ ठरलेलं मूल आणि ०.९८ ने ठरलेलं मूल तुमच्या टेबलमध्ये एकाच रकान्यात बसलेलं असतं.