तत्त्वज्ञानाच्या वाटेवरील एकहाती ग्रंथशाळा

‘पदार्थ’ हा शब्द कानावर पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर थालीपीठ, अळूवडी किंवा पुरणपोळी उभी राहते. कणादांच्या वैशेषिक दर्शनात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. जे जाणता येते आणि ज्याला नाव देता येते, त्या सर्वांचे मूलभूत वर्ग म्हणजे पदार्थ. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि पुढे त्यांत गणला गेलेला अभाव हे ते वर्ग होत. नवशिक्या वाचकाने दर्शनशास्त्राचा ग्रंथ उघडला आणि मनात स्वयंपाकघरातला अर्थ धरला, तर पहिल्याच पानावर त्याची फसगत ठरलेली. शब्द अनोळखी असता तर त्याने कोश तरी काढला असता; ओळखीच्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा, असे कोणाला सहसा सुचत नाही.

इंग्रजी तत्त्वज्ञांच्या बाबतीतही नेमका हाच घोटाळा होतो. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, असे आजचा विद्यार्थी समजून चालतो. अठराव्या शतकातील जॉर्ज बर्कली हा शब्द वापरतो तेव्हा त्याला ‘इंद्रियांना जाणवणारे’ असे म्हणायचे असते. ‘वाँट’ म्हणजे आज इच्छा; त्या काळच्या गद्यात ती बहुधा उणीव असते. जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा निबंध 1690 साली प्रसिद्ध झाला. त्यातील वाक्ये परिच्छेदभर लांबतात, सर्वनामे कोणाकडे बोट दाखवतात ते कळत नाही, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तर दुहेरी भिंत उभी असते. भाषा परकी आणि तीही तीनशे वर्षे जुनी. मग मूळ ग्रंथ कपाटातच राहतो आणि परीक्षेपुरत्या मार्गदर्शिकेवर निभावून नेले जाते.

या भिंतीला दार पाडण्याचे काम कोणत्याही विद्यापीठाने वा सरकारी योजनेने केले नाही. ते केले एका निवृत्त प्राध्यापकाने. जोनाथन बेनेट यांचा जन्म 1930 साली न्यूझीलंडमध्ये झाला. केंब्रिजमध्ये, कॅनडात आणि नंतर अमेरिकेतील सायराक्यूज विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. कांट, स्पिनोझा आणि ब्रिटिश अनुभववादी यांच्यावरील त्यांचे ग्रंथ या विषयात मान्यता पावलेले आहेत. 1997 साली ते निवृत्त झाले. कॅनडातील व्हँकुव्हरनजीकच्या बोवेन बेटावर त्यांचा मुक्काम होता, आणि आयुष्याच्या या उत्तरार्धात त्यांनी ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या संकेतस्थळाचा संसार उभा केला. देकार्त, हॉब्ज, स्पिनोझा, लॉक, लायब्निझ, बर्कली, ह्यूम, कांट यांचे ग्रंथ आजच्या इंग्रजीत उतरवून त्यांनी ते कोणालाही विनामूल्य वाचता येतील असे ठेवले. लॅटिन, फ्रेंच आणि जर्मन ग्रंथांचे भाषांतर तर त्यांनी केलेच. परंतु लॉक आणि ह्यूम यांचेही जणू इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर केले. हा विचार त्यांच्या मनात निवृत्तीपूर्वीच घोळत होता. लॉक, बर्कली आणि ह्यूम यांचे इंग्रजीत भाषांतर करण्याविषयीचा त्यांचा लेख 1994 साली अध्यापनविषयक नियतकालिकात आला होता. त्याच्या शीर्षकातला खट्याळपणा पुढे सरळसरळ कामाचा आराखडा ठरला.

सुलभीकरण म्हटले की जाणकारांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडणे रास्तही आहे. सोपे करणाऱ्याने काय गाळले आणि काय स्वतःचे घातले, हे वाचकाला बहुधा कळत नाही. बेनेट यांच्या कामाचे खरे मोल याच ठिकाणी आहे. आपल्या प्रत्येक हस्तक्षेपाची त्यांनी खूण ठेवली. संपादकीय खुलासा असेल तर तो चौकटी कंसात येतो. मूळ वाक्यात नसलेले, पण वाक्य समजण्यासाठी जोडलेले शब्द लहान उंचावलेल्या टिंबांच्या मध्ये बसवलेले असतात. वाचताना ते मजकुराचाच भाग म्हणून वाचता येतात, आणि ते लेखकाचे नाहीत हेही दिसत राहते. थोडा मजकूर गाळला असेल तर चार टिंबे. मोठा भाग गाळला असेल तर त्यात काय होते ते कंसात सांगितलेले. मूळ लेखकाने एकाच दमात सांगितलेली कारणे कोठे कोठे वेगळी करून एकाखाली एक मांडलेली असतात, म्हणजे युक्तिवादाचा सांगाडा डोळ्यांना दिसतो. आजच्या अर्थापासून दूर गेलेल्या शब्दांसाठी शब्दसूचीही आहे.

या खुणांचा उपयोग प्रत्यक्ष वाचनात कसा होतो, हे पाहण्यासाठी देकार्त आणि बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ यांचा पत्रव्यवहार हा उत्तम नमुना आहे. एलिझाबेथच्या पित्याचे राज्य 1620 साली गेले होते आणि हे कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला होते. मे 1643 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला एक साधा दिसणारा प्रश्न विचारला. आत्मा जर जागा व्यापत नाही, त्याला पृष्ठभाग नाही, तर तो शरीराला ढकलतो तरी कसा? ढकलायला स्पर्श लागतो, आणि स्पर्शाला आकार. देकार्तने वजनाच्या कल्पनेचा दाखला दिला. दगडाचे वजन त्याला खाली नेते, असे आपण मानतो. ते करताना एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतो आहे, असे चित्र मनात आणत नाही. राजकन्येचे समाधान झाले नाही. निराकार आत्मा शरीराला हलवतो हे मान्य करण्यापेक्षा आत्म्यालाच आकार आणि विस्तार आहे असे मानणे आपल्याला सोपे वाटते, असे तिने कळवले. त्यावर देकार्तने दिलेले उत्तर वाचून आजही नवल वाटते. आत्मा आणि शरीर यांची एकी चिंतनाने नव्हे, तर रोजच्या जगण्यातून आणि बोलण्याचालण्यातून उमगते, असे तो लिहितो. शंका घेण्याला ज्याने ज्ञानाचा पाया केले, तोच येथे चिंतन बाजूला ठेवायला सांगतो. उत्तर प्रामाणिक आहे, पण त्याने प्रश्न सुटलेला नाही. मन आणि मेंदू यांच्या संबंधाबद्दलचा आजचा वादही याच गाठीशी येऊन थांबतो.

ही पत्रे मुळात खासगी होती. देकार्तच्या मृत्यूनंतर आपली पत्रे छापण्यास एलिझाबेथने नकार दिला होता. ती उजेडात आली एकोणिसाव्या शतकात. विद्यापीठीय अभ्यासक्रमात देकार्त शिकवला जातो तो बहुधा त्याच्या 1641 सालच्या ‘चिंतनां’पुरता. तेथून पुढे जाऊन या पत्रांपर्यंत पोहोचायला पूर्वी मोठे ग्रंथालय लागत असे. आता ती घरबसल्या वाचता येतात, आणि तत्त्वज्ञान म्हणजे पूर्ण झालेल्या सिद्धांतांची यादी नसून ती दोन माणसांमधली अडखळत चाललेली विचारपूस आहे, हे तिथे जसे दिसते तसे पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

बेनेट यांच्या उपक्रमावर आक्षेपही घेतले गेले. लॉकचे वाक्य जेथे खरोखरच दुहेरी अर्थाचे आहे, तेथे सोपे करणाऱ्याला एक अर्थ निवडावाच लागतो, आणि तो निवडताच विद्यार्थ्याच्या हाती लॉकऐवजी बेनेट यांचा लॉक पडतो. शिवाय जुन्या तत्त्वज्ञांना समकालीन सहकाऱ्यांप्रमाणे वागवून त्यांच्याशी वाद घालावा, ही बेनेट यांची जाहीर भूमिका होती. तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांपैकी अनेकांना ती मान्य नाही. त्या माणसांना त्यांच्या काळातून उचलून आपल्या टेबलाशी बसवणे हा अन्याय आहे, असे ते म्हणतात. आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. त्यावर उपाय एकच: मजकूर टिंबांनी भरलेला दिसू लागला, की मूळ ग्रंथ उघडून ते वाक्य ताडून पाहावे.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, संहिता शुद्ध केली. त्यात कोणी स्वतःची ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. मूळ ग्रंथात आपले शब्द मिसळण्याविषयीची ही धास्ती होती. सार्थ आवृत्त्या काढणाऱ्यांनी पुढे यावर तोड काढली: ओवी वर, अर्थ खाली. बेनेट यांच्या टिंबांचे काम त्याच जातीचे आहे, फरक इतकाच की त्यांनी ओवी आणि अर्थ एकाच ओळीत बसवले.

एकट्याने राखलेल्या या ग्रंथशाळेशेजारी इतरही घरे आहेत. ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ 1995 साली एडवर्ड झाल्टा यांच्या संपादनाखाली सुरू झाला. त्यातील नोंदी तज्ज्ञ लिहितात, दुसरे तज्ज्ञ तपासतात, आणि जुन्या आवृत्त्याही जपून ठेवल्या जातात, त्यामुळे संदर्भ देणाऱ्याची पंचाईत होत नाही. त्याच वर्षी जेम्स फीझर यांनी सुरू केलेला ‘इंटरनेट एन्सायक्लोपीडिया’ नवख्याला अधिक जवळचा वाटेल. डेव्हिड चाल्मर्स यांनी विद्यार्थिदशेत चेतनेवरील लेखांची जी सूची करायला घेतली, ती त्यांच्या वैयक्तिक संकेतस्थळावर वाढत गेली आणि 2009 मध्ये डेव्हिड बुर्जे यांच्यासह उभारलेल्या ‘फिलपेपर्स’ या प्रचंड सूचीत तिचे रूपांतर झाले. भारतीय दर्शनांसाठी कार्ल पॉटर यांचे नाव घ्यायलाच हवे. वॉशिंग्टन विद्यापीठातील या अभ्यासकाने भारतीय दर्शनांची अवाढव्य ग्रंथसूची महाजालावर खुली करून दिली.

अर्थात महाजालावर चिंतनाच्या नावाखाली मिळणारे सारेच काही या तोलाचे नाही. कर्त्याचे नाव नाही, आधार नाही, फक्त थोरामोठ्यांची वचने, अशा पानांचा तर सुळसुळाट आहे. तुझे मत मला अमान्य असले तरी ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन, या आशयाचे व्हॉल्तेरच्या नावावरचे सुप्रसिद्ध वाक्य व्हॉल्तेरने कोठेही लिहिलेले नाही. त्याच्या वृत्तीचे वर्णन म्हणून ते इव्हलिन बिअॅट्रिस हॉल या चरित्रकार बाईंनी 1906 सालच्या आपल्या पुस्तकात घातले. भाषणांत आणि अग्रलेखांत ते अजूनही व्हॉल्तेरच्या नावावर खपते. वचनाखाली ग्रंथाचे नाव आणि प्रकरण नसेल तर ते वाचून सोडून द्यावे, हा साधा नियम येथे पुरेसा आहे.

एकहाती कामाची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ती म्हणजे आयुष्य. हौशी माणसांनी ‘जिओसिटीज’वर मांडलेली असंख्य वैयक्तिक पाने ‘याहू’ने 2009 साली ती सेवा बंद करताच एका झटक्यात मिटली, त्यांतली काही ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संस्थांनी आणि काही स्वयंसेवकांनी उतरवून घेतली म्हणून वाचली. 2014 साली स्वयंसेवकांच्या ‘मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह’वरून मार्क्स-एंगल्स यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी खंड प्रकाशकाच्या मागणीवरून काढून घ्यावे लागले. मूळ लेखक शतकापूर्वी वारले असले तरी भाषांतराचा हक्क जिवंत होता. बेनेट यांनी सारे मजकूर स्वतः तयार केल्यामुळे हा फास त्यांच्या गळ्याला लागला नाही. 2024 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली पाने वाचकांना खुली आहेत. परंतु टिंबे कोठे घालायची हे ठरवणारा माणूस आता नाही.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेले असेच एक काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले आहे. 1913 ते 1916 या काळात डॉ. आंबेडकर तेथे शिकले. जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेले आणि कधीही न झालेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण त्याच विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी आपल्या पानांवर सटीप मांडले. परिच्छेदांना क्रमांक आहेत, प्रिचेट यांनी घातलेली उपशीर्षके कंसात आहेत, गांधीजींची टीका आणि आंबेडकरांचे उत्तरही सोबत आहे. प्रिचेट या मुळात उर्दू साहित्याच्या अभ्यासक, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कष्टांची किंमत कळते.

मराठीतून वाचू इच्छिणाऱ्यांसाठी मराठी विश्वकोशातील तत्त्वज्ञानविषयक नोंदी महाजालावर आहेत. दि. य. देशपांडे यांनी 1990 साली सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. पारिभाषिक शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगायचा आणि मगच पुढे जायचे, ही देशपांडे यांची शिस्त विवेकवादावरील त्यांच्या लेखांत पानोपानी आढळते. सुरुवात तेथून केली तरी हरकत नाही.