आधी भाषा, मग मोबाइल

शाळेत संगणक आले म्हणजे मुलांचे शिक्षण आधुनिक झाले, अशी अनेक पालकांची समजूत असते. प्रवेश घेताना संगणककक्ष आधी पाहिला जातो. शिकवणारे कोण, ही चौकशी नंतर. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मात्र गोष्ट नेमकी उलट घडली.

माढा तालुक्यातल्या या लहानशा गावी रणजितसिंह डिसले २००९ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आली होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. मुलींनी शिकलेच पाहिजे असे घरच्यांना वाटत नव्हते. लवकर लग्न उरकण्याकडे कल होता. शिवाय वार्की फाउंडेशनने नोंदवल्याप्रमाणे मुलींची घरची भाषा होती कन्नड, आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. न कळणारा धडा पडद्यावर दाखवला तरी तो न कळणाराच राहणार! डिसले गुरुजींनी आधी ती भाषा शिकून घेतली, पुस्तके मुलींना समजतील अशी भाषांतरित केली आणि मगच पानांवर क्यूआर कोड आणले.

हा काळा-पांढरा चौकोन जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. पुस्तकातल्या चौकोनावर मोबाइलचा कॅमेरा धरला की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. आईला वाचता येत नसले तरी मुलगी काय शिकते, हे तिला ऐकता येते. मुलींच्या शिक्षणासाठी एवढेही थोडे नाही.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याचे ठरवले. २०२० च्या डिसेंबरात डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

२०१७ मध्येच केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकांतले कोड पुढे त्याच्याशी जोडले गेले. त्याचा तांत्रिक पाया बंगळूरच्या ‘एकस्टेप’ संस्थेने घातला. पण सोय झाली म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. २०२० च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या शाळेत जाणाऱ्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्याससाहित्य मिळाले होते जेमतेम एक तृतीयांश मुलांना. फोन घरात होता, धडा पाठवणारे कोणी नव्हते.

बंगळूरमध्येच, व्हाइटफील्डच्या बाजूला, महादेवपुरा आहे. संगणक कंपन्यांमुळे तिकडे आलेल्या मराठी घरांत परितेवाडीचा पेच उलटा होऊन उभा राहतो. शाळेत इंग्रजी, त्यात कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड बंधनकारक केलेली. मराठी उरते ती फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि वाचता तर येतच नाही. या घरांत यंत्रांची वाण नाही, वाण आहे ती रोजच्या पंधरा मिनिटांची.

अशा पालकांसाठी ‘बालभारती’ची मराठी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाच्या वयापेक्षा एक-दोन इयत्ता खालचे पुस्तक घ्यावे. कोडमधून कविता एकदा ऐकवावी, मग मोबाइल बाजूला ठेवून बोट फिरवत वाचून घ्यावी. आणि सुट्टीत आजी आली, की तिला पुस्तक न पाहता म्हणून दाखवायला सांगावी.