गावात बोंब उठली, पण कागद काय म्हणतो?



सध्या कोणत्याही ग्रामसंघाच्या बैठकीला गेलं की हिशोब संपता संपता कोणीतरी मोबाईल पुढे करतं. "मॅडम, हे पाहा, अमुक पतसंस्था बुडाली म्हणे." "अमुक शेठनं हात वर केले म्हणे." खाली ठरलेली ओळ असतेच, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. मग कोणी घाबरून ठेव मोडायला निघते, कोणी मेसेज पुढे ढकलते, आणि कोणी म्हणते, सगळं खोटं आहे, जळतात लोक त्याच्यावर.

अशा मेसेजमध्ये दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपण त्यांचा एकच गोळा करतो. पहिला, त्या माणसाची खोटी बदनामी होते आहे का? दुसरा, त्याचा धंदा देणी फेडू शकतो का? पहिल्याचं उत्तर "हो" असलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप मिळत नाही. या लेखात मला एवढंच नीट समजावून सांगायचं आहे, कारण यात आपले पैसे अडकतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक दीपक सखाराम कुलकर्णी, म्हणजे डीएसके. "घराला घरपण देणारी माणसं" ही त्यांची जाहिरात तुमच्यापैकी कित्येकींनी टीव्हीवर पाहिली असेल. लहान कामांपासून सुरुवात करून मोठा झालेला माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं. त्या नावावर विश्वास ठेवून हजारो लोकांनी त्यांच्याकडे मुदत ठेवी ठेवल्या. त्यात पेन्शनवर जगणारे म्हातारे-कोतारे बरेच होते. मे २०१६ मध्ये डीएसकेंचा एक्सप्रेस-वेवर मोठा अपघात झाला, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली, आणि २०१७ मध्ये लोकांचं व्याज आणि ठेवी थकू लागल्या. अडचण का आली हे सांगताना अपघात, नोटाबंदी आणि आपल्याविषयी पसरलेल्या अफवा ही कारणं डीएसकेंनी दिली.

आता घटकाभर धरून चालू की अफवा पसरल्या. अफवेनं नुकसान होतंच. घाबरलेले लोक एकदम पैसे मागायला आले तर चांगला चाललेला धंदाही अडचणीत येतो. पण ज्या बाईची ठेवीची तारीख उलटून गेली, तिला अफवा कोणी पसरवली हे सांगून काय उपयोग? तिच्या हातात पावती आहे, पावतीवर तारीख आहे. उलट बाजूनेही तेच. पैसे थकले म्हणून त्याच्या बायका-मुलांबद्दल वाटेल ते लिहायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, फेब्रुवारी २०१८ मध्ये डीएसकेंना अटक झाली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एक कायदा आहे, त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. तो इथे लागला. या कायद्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना जामीन दिला. (जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही, आणि अटक म्हणजे गुन्हा शाबीतही नाही. आपल्याकडे दोन्हीवेळा निकाल लागल्यासारखं बोलतात, म्हणून सांगितलं.)

दरम्यान कंपनीचं प्रकरण वेगळ्याच ठिकाणी चालू होतं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली २०१९ मध्ये ते राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, दाखल करून घेतलं गेलं. २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीची योजना तिथे मंजूर झाली.

तर पोलिसांची वाट एक आणि एनसीएलटीची वाट दुसरी. पोलिसात तक्रार दिली म्हणजे तिकडे आपला दावा लागला, असं होत नाही. एनसीएलटीत प्रकरण दाखल झालं की संचालकांच्या हातातून कारभार काढून एका नेमलेल्या व्यावसायिकाकडे देतात. कंपनीवर नवे-जुने वसुलीचे दावे तेवढ्यापुरते थांबतात. तो व्यावसायिक पेपरात जाहिरात देतो, एक इंग्रजी पेपर आणि एक स्थानिक भाषेतला, की ज्यांचे पैसे कंपनीकडे आहेत त्यांनी अमुक तारखेपर्यंत दावा द्यावा. ही जाहिरात आपण वाचत नाही. त्या पानावर आपण भजी ठेवतो. माल विकून पैसे यायचे असतील तर दाव्याचा नमुना "बी", ठेव किंवा कर्जाऊ रक्कम असेल तर "सी", पगार किंवा मजुरी असेल तर "डी". सोबत बिलं, पावत्या, बँकेचा उतारा. ठेवीदार खूप असले तर त्यांच्यासाठी वेगळा नमुना असतो, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. स्वतः अर्ज करून एखाद्या कंपनीला एनसीएलटीत ओढायचं असेल तर थकबाकी किमान १ कोटी लागते, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण दुसऱ्या कोणी ओढल्यावर आपला दहा हजारांचा दावाही तिथे देता येतो.

मिळतात का पैसे? खरं सांगायचं तर कंपनी मोडीत निघाली तर रांग ठरलेली असते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची मजुरी आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण ठेवीदार. माल पुरवणारे त्यांच्याही मागे. म्हणून उधारीवर माल देतानाच विचार करायचा.

आता हे सगळं कंपनीचं झालं. आपल्या जिल्ह्यात मात्र आपला जास्त संबंध येतो तो बँक आणि पतसंस्थेशी, आणि तिथे एनसीएलटी नसते. मलकापूर अर्बन बँकेचं आठवत असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खात्यातून १० हजारांपेक्षा जास्त काढता येईना. जुलै २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. ती परवानाधारक बँक होती, म्हणून ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा होता. हा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, ती कितीही मोठी असो आणि तिची इमारत कितीही चकचकीत असो. आणि ग्रामसंघाच्या खात्याकडेही एकदा बघा. त्यात पन्नास गटांचे पैसे असले तरी विम्यासाठी तो एकच ठेवीदार.

म्हणून पतसंस्थेबद्दल मेसेज आला की तो खरा की खोटा यावर कट्ट्यावर वाद घालू नका. वार्षिक अहवाल मागा, लेखापरीक्षणात अ, ब, क, ड यातला कोणता वर्ग मिळाला ते बघा. शंका राहिली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा बुलढाण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी विचारा. संस्था मल्टिस्टेट असेल तर तिचे निबंधक दिल्लीला बसतात, हे ठेव ठेवतानाच लक्षात असू द्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ मध्ये बँका बंद होणार असे मेसेज देशभर फिरले होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेलाच ते खोटं आहे असं जाहीर करावं लागलं. तेव्हा घाबरून ठेव मोडणाऱ्यांचं व्याज विनाकारण गेलं.

"पण मॅडम, तक्रार केली अन् त्यानंच आपल्यावर मानहानीची केस टाकली तं?" हा प्रश्न हमखास येतो. मानहानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, १ जुलै २०२४ पासून. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण त्याच कलमात अपवाद दिलेले आहेत. ज्याला चौकशीचा अधिकार आहे अशा अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार ही मानहानी ठरत नाही. निबंधकांना अर्ज द्या, पोलिसांना द्या, बिनधास्त द्या. तोच मजकूर "चोर आहे, पळणार आहे" असं लिहून दहा ग्रुपवर टाकला तर मात्र तुम्ही अडकू शकता, मूळ मेसेज तुमचा नसला तरी.

कोणी "आयटी ॲक्ट लावून आत टाकतो" म्हणून धमकावलं तर पालघरच्या दोन मुली आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवर एकीने लिहिलं, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली अशा अटका व्हायच्या, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं.

आणि बदनामी आपल्या धंद्याची झाली तर? समजा तुमच्या गटाच्या लोणच्यात अळ्या निघाल्या म्हणून कोणी जुना, भलत्याच ठिकाणचा व्हिडिओ तुमच्या नावाने फिरवला. कलम ३५६ व्यक्तीइतकंच कंपनीला आणि लोकांच्या गटालाही लागू आहे. पहिलं काम, तो मेसेज डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या मोबाईलवर आला तो मोबाईल जपून ठेवा, कोर्टात मूळ साधन लागतं. फेसबुक किंवा यूट्यूबवर असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे नोंदवा, त्यांना २४ तासांत पोच आणि नियमात ठरलेल्या मुदतीत निपटारा करावा लागतो. मानहानी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस नुसती नोंद घेतील आणि कोर्टात जायला सांगतील. ते टाळताहेत असं वाटतं, पण नियमच तसा आहे. भरपाईचा दिवाणी दावा मात्र एका वर्षाच्या आत लावावा लागतो.

आणि एक. व्यापाऱ्याने माल नेऊन पैसे थकवले तर त्याला गावभर नाव ठेवण्यापेक्षा तुमच्या उद्योगाची उद्यम नोंदणी आधी करून ठेवलेली असेल तर जास्त जोर मिळतो. २००६ च्या सूक्ष्म उद्योगांच्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. नोंदणी माल देण्याआधीची हवी.

ज्या ताई उत्पादक कंपनीच्या संचालक आहेत त्यांनी सही करताना एवढं वाचाच. कंपनीचं कर्ज कंपनीचं असतं, पण "वैयक्तिक हमी"वर सही केली की ते तुमच्या घराचं, शेताचं होतं. कंपनीची योजना एनसीएलटीत मंजूर झाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२१ मध्ये सांगितलं आहे.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. जाताना पावत्यांच्या झेरॉक्स न्या, मूळ पावत्या कोणालाही देऊ नका.