सुबाभळीवरची परकी कीड आणि तिच्या वाटा

हिंगोली जिल्ह्याचे वन पाहू जाणाऱ्यास औंढा नागनाथ व कळमनुरी तालुक्यांतील डोंगरउतारांवर साग, धावडा, सालई, तेंदू, पळस असा मराठवाड्याचा परिचित वृक्षसमुदाय भेटतो. परंतु जिल्ह्यातील झाडांची गणना तेवढ्यावर संपत नाही. शेताच्या बांधांवर उभे असलेले लिंब व बाभळी, कालव्यांच्या भरावांवरील सुबाभूळ, सडकेच्या कडेची निलगिरी, आणि सामाजिक वनीकरणाने गायरानांवर लावलेल्या सरळ रांगा, या सर्वांची मोजदाद सरकारी दप्तरात निरनिराळ्या खात्यांच्या नावे होत असली, तरी कीटकाच्या दृष्टीने ते एकच सलग अरण्य आहे. गावाची शीव, तहसिलीची हद्द किंवा वनखात्याचा खांब त्याला अडवीत नाही; त्याला अडवते ते फक्त अंतर, आणि हे अंतर बहुधा आपणच कमी करून देतो.

सुबाभळीचा इतिहास या बाबतीत विशेष बोलका आहे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या काळात चारा आणि सरपण यांची विवंचना महाराष्ट्राला जाळीत असताना उरुळीकांचन येथील मणिभाई देसाई व त्यांची बाएफ ही संस्था यांनी उंच व झपाट्याने वाढणाऱ्या सुबाभळीचा मोठ्या निष्ठेने प्रसार केला, आणि १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग अस्तित्वात आल्यावर हे झाड गावोगावच्या रोपवाटिकांत पोहोचले. मूळ मध्य अमेरिकेचे हे झाड आपल्या शत्रूंना मायदेशी ठेवून इकडे आले होते, म्हणून त्याची वाढ निर्वेध झाली. त्या शत्रूंपैकी एक म्हणजे सायला नावाचा रसशोषक कीटक. त्याचे शास्त्रीय वर्णन १९१४ साली क्यूबातील नमुन्यांवरून झाले. परदेशी किडींना प्रतिबंध करणारा विनाशकारी कीटक अधिनियमही हिंदुस्थानात त्याच वर्षी झाला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे हा कीटक आपल्या प्रदेशात स्वस्थ होता. १९८३ साली तो फ्लोरिडात आढळला, १९८४ साली हवाई बेटांवर. तेथून फिलिपाईन्स, इंडोनेशिया, थायलंड असे टप्पे घेत १९८७ साली श्रीलंकेत आणि १९८८च्या आरंभी तामिळनाडूत तो दाखल झाला. अर्ध्या पृथ्वीचा हा प्रवास पाच वर्षांत झाला, तोही जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या जिवाकडून.

सुबाभळीचा कोवळा शेंडा बोटांत धरून पाहावा. अजून न उमललेल्या पानांच्या घडीत पिवळसर अंडी दाटीने चिकटलेली असतात. त्यांच्याखाली हिरवट पिल्ले सोंड रुतवून बसलेली दिसतात, आणि हात लागताच प्रौढ कीटक टुणकन उडतात. खालच्या पानांवर चिकटा सांडलेला असतो व त्यावर काळी बुरशी चढते. एक मादी आयुष्यात तीन-चारशे अंडी घालते, आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतचा क्रम सुमारे दोन आठवड्यांत पुरा होतो. शेंडा वाळला की ही सर्व प्रजा शेजारच्या झाडाकडे निघते. रांगेत एकाच जातीची झाडे असली, तर शेजार शोधण्याचे श्रमही तिला पडत नाहीत. मराठवाड्याचा उन्हाळा या किडीस मानवत नाही, प्रखर उष्म्यात तिची संख्या घटते. पण थंडी पडून नवी फूट आली की ती पुन्हा वर येते. १९८८ सालीच थायलंडमधून निळसर काळा क्युरिनस ढालकिडा भारतात आणला गेला. तो सायला खातो, आणि परक्या किडीवर तिच्या भक्षकाची योजना करण्याचे ते एक महत्त्वाचे उदाहरण ठरले.

आक्रमक किडींच्या प्रसाराचा अभ्यास करणारे दोन गती सांगतात: एक झाडाझाडांतून सरकणारी मंद गती, आणि दुसरी कित्येक कोसांची उडी. मंद गती कीटकाच्या पंखांची व वाऱ्याची. उडी मात्र बहुधा माणसाची. अमेरिकेत १८६९च्या सुमारास बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावातून निसटलेल्या जिप्सी पतंगाची मादी उडतसुद्धा नाही. त्याच्या लहान अळ्या रेशमी धाग्यांवर वाऱ्याने वाहतात, पण दूरचे प्रदेश त्याने काबीज केले ते गाड्यांना व घरसामानाला चिकटलेल्या अंडीपुंजांमुळे. डेट्रॉइटच्या परिसरात २००२ साली उघडकीस आलेला ॲश वृक्षाचा हिरवा भुंगेरा असाच जळाऊ लाकडांच्या मोळ्यांतून राज्याराज्यांत गेला. दूर जाऊन पडलेली अशी वसाहत आरंभी अत्यंत दुर्बल असते. जोडीदार न मिळाल्यामुळेही ती नष्ट होऊ शकते. या अवस्थेत ती सापडली तर काम सोपे आहे.

सगळ्याच किडींना जोडीदार लागतो असे मात्र नाही. २००१-०२च्या सुमारास दक्षिण भारतात दिसू लागलेली निलगिरीची गाठमाशी बहुतांशी माद्यांच्याच बळावर वाढते. ती देठात व पानाच्या मध्यशिरेत अंडी घालते, तेथे गाठी फुगतात, प्रत्येक पोकळीत एक अळी वाढते आणि शेवटी टाचणीच्या अग्राएवढे छिद्र पाडून माशी बाहेर पडते. रोपवाटिकेतील एका गाठाळ रोपाने नवी वसाहत वसू शकते, आणि रोपे तर ट्रकभर जातात. अशाच दुसऱ्या एका माशीने २००५ साली केरळात पांगाऱ्यास गाठले; वसमत तालुक्यातील पांगरा शिंदेसारखी गावे ज्या झाडाची आठवण बाळगून आहेत, त्याचे कोवळे शेंडे ती विद्रूप करते. पपईचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला आढळला व २०१० साली पुण्यात पोहोचला. तो तुती व साग यांवरही जगतो. त्याची सूक्ष्म पिल्ले वारा, मुंग्या आणि माणसांचे कपडे यांवरून पसरतात. २०१० सालीच पोर्तो रिको बेटावरून आणलेल्या परोपजीवी कीटकाने त्याला आवरले.

आता हिंगोलीचे व्यवहार पाहा. हळद काढून ती शिजवण्याचा हंगाम आला की शिवाराशिवारांतून सरपण वाहू लागते. शेळ्यांसाठी सुबाभळीचे हिरवे डहाळे बैलगाडीने व दुचाकीने गावोगाव जातात. तुतीच्या कांड्या एका शेतातून दुसऱ्या शेतात लागवडीस दिल्या जातात. हिरव्या डहाळ्यांतून सायला व पिठ्या ढेकूण जातात, सालीसकट लाकडातून खोडकिडे. निजामी अंमलात पैनगंगेच्या अलीकडे करोडगिरीचे नाके मालावर महसूल घेत. आज वनखात्याचा वाहतूक परवाना लाकूड कोणाचे व कायदेशीर आहे की नाही हे पाहतो. त्याच परवान्यावर साल तपासल्याची एक नोंद का असू नये? परदेशातून येणाऱ्या लाकडी खोक्यांच्या गाभ्यास ५६ अंश उष्णता ३० मिनिटे देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या लाकडास मात्र अशी कसोटी नाही. माझ्या मते खरी चौकी बंदरापेक्षा रोपवाटिकेच्या दाराशी हवी, आणि एकाच जातीच्या झाडांनी गायराने भरण्याची पद्धत आता सोडली पाहिजे.

वाचकांपैकी जे शेती करतात, त्यांना विनंती आहे: रोप घेताना शेंडा व देठ निरखावा, गाठ किंवा चिकटा दिसल्यास रोप नाकारावे, सरपण शक्यतो आपल्याच शिवारात जाळावे. अनोळखी कीड आढळल्यास फांदी उघडी घेऊन फिरू नये. तिचे छायाचित्र काढून, नमुना झाकणबंद बाटलीत स्पिरिटमध्ये घालून तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रास किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागास द्यावा, व बाटलीवर गावाचे नाव, झाडाचे नाव आणि तारीख लिहावी.