सॅक कुठे टेकवायची?

काशीतल्या एखाद्या जुन्या धर्मशाळेत सॅक घेऊन शिरलं की गल्ल्यावर बसलेले गृहस्थ नाव विचारायच्या आधी विचारतात, “अकेले हैं?” हो म्हटलं की खोली शिल्लक नसते. मागून आलेल्या सात जणांच्या कुटुंबाला मात्र ती लगेच मिळते. यात दुष्टावा काही नाही. एकटा माणूस खोलीत जिवाचं बरंवाईट करून घेईल आणि मग पोलिसांचा ससेमिरा आपल्यामागे लागेल, ही धास्ती बऱ्याच तीर्थक्षेत्रांत आहे. एकटीने आलेल्या मुलीला तर घरच्यांचा फोन नंबर देऊनही सुटका नाही.

आपली तीर्थयात्रा मुळात घोळक्याने करायची. 1857मध्ये पेणजवळच्या वरसईहून पायी निघालेले विष्णुभट गोडसेसुद्धा एकटे नव्हते, काका सोबत होते. मथुरेच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्याचा ‘माझा प्रवास’ 1907मध्ये छापून आला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन नदीकाठची गावं हिंडण्याचं याहून चांगलं मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही. अशा प्रवाशांना वाटेत थारा मिळे तो जातीचा, गावचा, ओळखीचा. काशीत तमिळ चेट्टियारांचं छत्र आहे, मारवाड्यांच्या धर्मशाळा आहेत, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे मराठी वाडे आहेत. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780मध्ये बांधलं, भोसले घाट नागपूरकरांचा, सिंधिया घाट ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. म्हणजे मराठी माणसाने तिथे जाऊन परकं वाटून घ्यायचं कारण नाही. पण ही सगळी सोय गोत्र आणि गोतावळा घेऊन येणाऱ्यासाठी. घर असलेला पण घरच्यांशिवाय आलेला माणूस तिच्या हिशेबात कधी नव्हता.

ही फट परदेशी लोकांनी हेरली. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग 1962-63च्या सुमारास दशाश्वमेधाजवळ भाड्याची जागा घेऊन राहिला. त्याच्यामागून हिप्पी आले आणि बंगाली टोल्यातल्या घराघरांत गेस्टहाउसं निघाली. 2013पासून झॉस्टेलसारखी होस्टेलं सुरू झाली, तसा आपल्याकडचा नोकरदार तरुणही एकटा निघू लागला. पलंगावर पलंग, भिंतीवर रंगीत शिव, गच्चीवर कॉफी. स्वच्छ असतं, कोणी प्रश्न विचारत नाही. पण बंगळुरूचा मुलगा पुण्याच्या मुलीला भेटतो आणि दोघं मिळून मणिकर्णिका पाहून येतात, याला काशी पाहणं म्हणावं का? त्यापेक्षा घाटावरच्या घरात खोली घ्यावी. तिथे पहाटे चारला बादल्यांचा आवाज होतो, पण नावाड्याचं भाडं किती द्यायचं हे घरमालकीणच सांगते. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर जायला गल्ल्यांतून वळसा पडतो.

ऋषिकेशबद्दल थोडक्यात. 1968मध्ये बीटल्स महेश योगींच्या आश्रमात राहून गेले आणि गावाचं नशीब फिरलं. ती ‘चौरासी कुटिया’ आता जंगल खात्याच्या ताब्यात आहे, तिकीट काढून बघता येते. तपोवनात योगवर्ग, कॅफे आणि राफ्टिंगच्या जीपगाड्या यांची इतकी दाटी झाली आहे की नदी कुठे आहे ते विचारावं लागतं. गंगेपलीकडच्या स्वर्गाश्रमाच्या बाजूला गीता भवनाजवळचे घाट अजून बसण्याजोगे आहेत.

एकट्याची खरी सोय आहे ती नर्मदेच्या परिक्रमेत. अमरकंटक ते समुद्र आणि परत, दोन्ही काठ मिळून सुमारे 2600 किलोमीटर, नदी सतत उजव्या हाताला. परिक्रमावासी दारात येऊन “नर्मदे हर” म्हणाला की आतून विचारतात, “कितनी मूर्ती?” एक म्हटलं तर एकाचं ताट. “आसन लगाओ” म्हणून ओसरी दाखवतात, सकाळी चहा-फराळाचा बालभोग, दुपारी भोजनप्रसादी, कुठे सदावर्तात पीठ-डाळ देतात आणि चूल आपली आपण पेटवायची. वहीवर आश्रमाचा शिक्का पडतो, एवढीच काय ती कागदपत्रं. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, त्यामुळे ओंकारेश्वरहून सुरुवात करणाऱ्याला मांधाता बेटावरच्या ज्योतिर्लिंगाचं दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावरच. सरदार सरोवरात काठची गावं आणि जुनी पायवाट बुडाली, तेव्हापासून शूलपाणीच्या झाडीत वाट डोंगरावरून जाते.

जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने किती मराठी पावलं तिकडे वळवली याची गणती नाही. त्यांत काही जण पांढरे कपडे चढवून फुकट हिंडायलाही जातात, हे आश्रमवाल्यांना कळतं आणि तरीही ते वाढतात. ज्याला परिक्रमा करायची नाही त्याने या पंगतीत बसू नये. त्याच्यासाठी ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास आहे, महेश्वरला घाटालगत साध्या खोल्या आहेत. महेश्वरच्या गल्ल्यांतून जाताना घराघरातून मागाची खटखट ऐकू येते. साडी घ्यायची नसली तरी विणकर आत बोलावतो, किल्ल्यावरच्या दगडी कोरीवकामातली नक्षी काठावर कशी उतरली ते दाखवतो.

आपल्याकडे वाई आणि नरसोबाची वाडी एकट्याला सोसतात. पंढरपूर एकादशीचे दिवस टाळून. नाशिक-त्र्यंबकला 2027मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, तेव्हा शांत गोदावरी पाहायची असेल तर त्याआधी जाऊन यावं. नर्मदेची वाट मात्र दरवर्षी खुली होते: चातुर्मास संपला, कार्तिकी एकादशी झाली की परिक्रमावासी निघतात. इंदूरहून ओंकारेश्वर बसने पाऊणशे किलोमीटर. सॅकमध्ये आधारची प्रत, एक चादर आणि स्वतःचं कुलूप ठेवा. धर्मशाळेच्या दाराला कडी असते, कुलूप नसतं.