मर्यादा भाड्याला की मदतीला?

भाड्याची मर्यादा म्हटली की आपल्याला मुंबईतली चाळीची जुनी खोली आठवते. तिथे कायद्याने मालकाचा हात धरला. ब्रिटनमध्ये सरकारने हात आखडला तो स्वतःचा. खासगी मालकाच्या घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूला तिथे भाड्यासाठी मदत मिळते. पण 2008 पासून तिची कमाल रक्कम भाग आणि खोल्या पाहून ठरते. सुरुवातीला ही मर्यादा अशी होती की, त्या भागातली निम्मी घरे तीत बसत. 2011 मध्ये ती शंभरातल्या तीस घरांवर आली. 2016 ते 2020 आणि पुन्हा 2024 पर्यंत ती बव्हंशी गोठलेलीच होती. भाडी मात्र वाढत राहिली.

भाडे मर्यादेबाहेर गेले म्हणून मदत बंद होत नाही. वरचे पैसे भाडेकरूने भरायचे. ते येणार कुठून? दूध-पावातून, हिवाळ्यात घर ऊबदार ठेवण्याच्या खर्चातून.

करदात्याच्या पैशाला मर्यादा असावी, हे मला मान्य आहे. पण ती दरवर्षी प्रत्यक्ष भाडी पाहून ठरवायला हवी. मालक मोकळा आणि मदत गोठलेली, असे झाले की काटकसर सरकारची होते आणि उपास भाडेकरूला घडतो.